अक्कांचा आकडा

पद्मिनीअक्का. आधी हे नाव लिहिते, मग बाकीचं. बाकीचं लिहायला बसले की हात थांबतो, आणि हे नाव लिहिलं की जरा पुढे सरकतो. बेंगळुरूत मला माणसांत आणलं ते या अक्कांनी. त्या डॉक्टर. सोनोग्राफी करायच्या. मी त्यांच्या सेंटरमध्ये फरशी पुसायला लागले होते.

आता जे सांगणार आहे ते मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. देवापुढे हात जोडले तरी त्या गोष्टीपाशी आले की मी पुढचंच काहीतरी मागत सुटायची. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता गप्प बसणं मला झेपत नाही म्हणून. काय ते तुम्हीच ठरवा.

मी खानापूरकडची. आई गेली आणि आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे काय—धाकटी भावंडं होती, चूल होती, कुणी जा म्हणालं नाही आणि मीही हट्ट केला नाही. लग्न होऊन इथे बेंगळुरूत, चामराजपेटला आले. नवरा मार्केटजवळच्या गोडाउनात. कन्नड मला गावापासूनच कळायचं, पण इथलं कन्नड पळतं. बोलायची भीती वाटायची. कुणी जरा मोठ्याने विचारलं तरी वाटायचं, आता हाकलणार.

अक्कांचं घराणं मराठीच, पण कितीतरी पिढ्या इथलं. त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. "सुमन, स्वल्प इकडे ये गं," म्हणायच्या. "सरी सरी, भिऊ नको." त्या दोन शब्दांत अर्धं कन्नड होतं, तरी मला माहेरचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं. एकदा एका म्हातारीला मी नुसतं हाताला धरून कॉटवर नीट झोपवलं, तर अक्कांनी ते बघितलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातातला पोचा गेला आणि सोनोग्राफीच्या खोलीत उभं राहायचं काम आलं. पेशंटला आत आणायचं, पोटावर जेल लावायच्या आधी बाटली कोमट पाण्यात ठेवायची, श्वास रोखा म्हटलं की त्यांच्या भाषेत सांगायचं. आणि सगळ्यात आधी एक प्रश्न विचारायचा—सकाळपासून काही खाल्लंय का? हा प्रश्न लक्षात ठेवा. मी तो विचारला होता.

पोटातून पाठीच्या कण्यापुढून एक मोठी रक्तवाहिनी खाली जाते. डॉक्टर तिला एओर्टा म्हणतात. काहींची ती मधेच फुगते. दुखत नाही, खुपत नाही, आणि एक दिवस फुटते. म्हणून ती किती रुंद झालीय ते मोजायचं. साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास गेली की ऑपरेशनचं बोलायचं, त्याखाली असली तर नजर ठेवायची. हे मला अक्कांनीच सांगितलं. बाहेर पेशंट नसला की त्या मला पडद्यावर दाखवायच्या—हे लिव्हर, हा कणा, आणि हा काळा गोल, हा धडधडतोय बघ. त्या गोलाच्या एका कडेला एक छोटं अधिकचं चिन्ह ठेवायचं, समोरच्या कडेला दुसरं. मशीन मधलं अंतर सांगतं. दोन अधिक, आणि माणसाचं पुढचं आयुष्य. मला ते फार सोपं वाटायचं तेव्हा.

मग एका मोठ्या सर्जनसरांनी आमच्याकडे एक अभ्यास सुरू केला. सोनोग्राफीवर घेतलेलं माप आणि सीटी स्कॅनवर घेतलेलं माप किती जुळतं ते बघायचं. सीटीला खर्च जास्त, शिरेतून औषध सोडावं लागतं, किडनी कमजोर असलेल्याला तेही चालत नाही. सोनोग्राफीचं तसं नाही. अक्का एवढ्या खूश होत्या त्या दिवसांत! म्हणाल्या, "तुझ्या गावाजवळ सीटी आहे का गं? नाही ना. हे पेटीएवढं मशीन मात्र जाईल की जीपमधून. पण आधी याच्यावर किती भरवसा ठेवायचा ते कळायला हवं." माझं गाव त्यांनी असं मधे आणलं, त्याचं मला केवढं अप्रूप वाटलं होतं.

नियम एकच होता. पेशंट एकच, दिवस एकच, पण मापणारे दोघे वेगळे. वर अक्का, खाली तळमजल्यावर सीटीचे डॉक्टर किरण. एकाचा आकडा दुसऱ्याला कळता कामा नये. मी विचारलं, का? कळला तर बरंच की, चूक सुधारता येईल. अक्का म्हणाल्या, "दोघांनी आमटी चाखायची. पहिला म्हणाला मीठ कमी, तर दुसऱ्याच्या जिभेलाही कमीच लागतं. मग दुसऱ्याला चाखायला बोलावलंच कशाला?" कळलं मला. पूर्ण कळलं. माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

दोन्ही खोल्यांच्या मधे लिफ्टमधून पेशंटची खुर्ची ढकलत नेणारी एकच बाई होती. मी.

आता इथे येऊन मी थांबले होते. दोनदा चहा केला.

त्याच महिन्यात मॅनेजर काउंटरवर कुणाला तरी सांगत होते—मला ऐकू यावं असं नव्हे, पण आमच्यासारख्यांसमोर लोक आवाज खाली करत नाहीत—की अक्कांना आता नीट दिसत नाही, हा अभ्यास झाला की कळेलच, मग नवीन मशीनवर नवीन माणूस बसवू. अक्का चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ वाकायच्या, ते मीही बघितलं होतं. अक्का गेल्या तर? त्यांच्यासाठी वाईट वाटलं, हो. पण खरं सांगू—त्याच्या मागोमाग दुसरं आलं. अक्का गेल्या तर मला कोण ठेवील? आठवी शिकलेली बाई सोनोग्राफीच्या खोलीत का उभी असते, याचं उत्तर त्या सेंटरमध्ये फक्त अक्कांकडे होतं.

तशात गोविंदमामा आले. लग्नाचे आचारी. चामराजपेटच्याच जुन्या मराठी घरातले, मोठं पोट, मोठा आवाज. त्यांच्या डॉक्टरांना पोटात काहीतरी धडधडतंय असं लागलं म्हणून पाठवलेलं. मी विचारलं, काही खाल्लंय का? ते इकडेतिकडे बघून माझ्याकडे वाकले. "आपल्या माणसाला खोटं कसं सांगू? दोन इडल्या. स्वल्प सांबार. त्या डॉक्टरीणबाईला बोलू नको, परत पाठवील. उद्या माझ्याकडे रिसेप्शन आहे."

मी हसले. नाही सांगितलं. मराठीतून सांगितलेलं गुपित होतं ना—तेवढ्याने तो माणूस मला मामा वाटला. खाऊन आलं की पोटात वारा धरतो आणि वाऱ्याच्या मागचं पडद्यावर दिसत नाही, हे मला माहीत होतं. अक्का बराच वेळ शोधत राहिल्या. कुशीवर वळवलं, दाबून बघितलं. "आज काय ढग आहेत गं यांच्या पोटात," म्हणाल्या. मामा छताकडे बघत होते, मी जमिनीकडे. शेवटी एका बाजूने थोडा गोल मिळाला. दोन अधिक ठेवले. चार पॉइंट नऊ.

खाली सीटी झाला. मामा बाहेर बाकावर बसले आणि मी काचेच्या अलीकडे, त्यांचे कागद घ्यायला उभी राहिले. डॉक्टर किरणनी पडद्यावर त्यांचे दोन अधिक ठेवले. आकडा आला तो साडेपाचच्या वरचा. ते पुढे वाकले. रक्तवाहिनी वाकडी असली की तिचा काप तिरपा बसतो आणि आहे त्यापेक्षा रुंद दिसतो—असं होतं कधीकधी. ते स्वतःशीच म्हणाले, "इतना बड़ा? ऊपर अक्का का कितना आया होगा?" मग माझ्याकडे बघून हसले. "नहीं नहीं, मत बताना."

मत बताना म्हणाले. स्पष्ट म्हणाले.

आणि मी म्हणाले, "चार पॉइंट नौ, सर."

का? मला वाटलं, अक्कांचा आकडा चुकीचा ठरणार. अभ्यासात ते दिसणार. मॅनेजर म्हणणार, बघा. मी अक्कांना वाचवतेय असं मला त्या क्षणी खरंच वाटलं. पण ज्या बाईने मला आमटी आणि मिठाची गोष्ट सांगितली, तिला हे वाचवणं चाललं असतं का? मी विचारलंच नाही स्वतःला.

डॉक्टर किरण परत पडद्याकडे वळले. मग त्यांनी चित्र थोडं फिरवलं, वेगळा काप घेतला. आणि ते दोन अधिक—मी बघितलं, माझ्या डोळ्यांदेखत—हळूच एकमेकांच्या जवळ आले. पाच. त्यांनी तेच लिहिलं. त्यांचं ते बघतील, मी त्यांच्याबद्दल इथे काही म्हणणार नाही. अधिक सरकवणारा हात त्यांचा होता, पण ढकललं मी.

चार पॉइंट नऊ आणि पाच. छान जुळले. गोविंदमामांना सांगितलं, सहा महिन्यांनी या. त्यांनी जाताना मला आशीर्वाद दिला. रिसेप्शनला ये म्हणाले.

ही एकच वेळ, असं मी लिहिणार होते. खोटं ठरेल. त्याआधीही काही पेशंटांचा आकडा मी असाच खाली जाता जाता बोलून गेले होते, कुणी न विचारता, अक्का किती बरोबर असतात हे दाखवायच्या भरात. ते आकडे कदाचित तसेही जुळले असते. आता कोण सांगणार? तेच तर मी मोडून टाकलं.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. कॉटनपेटकडून येताना एका मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला मामा दिसले. जावयाच्या जोडीला लागून सारूचं, म्हणजे आपल्या साराचं, हे एवढं भांडं उचलत होते. मानेच्या शिरा तट्ट. मला तिथे रस्त्यावर काय दिसलं असेल? मला त्यांचं पोट नाही दिसलं, तो काळा गोल दिसला. धडधडणारा.

मी पळत गेले. म्हणाले, मामा, ते खाली ठेवा. मशीनमधला तुमचा फोटो बिघडलाय, परत यायला सांगितलंय. उद्याच. आणि पाणीसुद्धा पिऊन येऊ नका. ते म्हणाले, "काय गं बाई, माझ्या पोटाचा फोटो मशीनला आवडला नाही?" जावई हसला. मी नाही हसले. तेव्हा ते मुकाट्याने आले.

अक्कांना मी दुसरंच सांगितलं—मामांची धडधड वाढलीय म्हणतात. म्हणजे एका खोट्याच्या डोक्यावर दुसरं. अक्कांनी प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा तो दांडा, ठेवला आणि या वेळी तो गोल लगेच समोर आला, पूर्ण, स्वच्छ. दोन अधिक. पाच पॉइंट आठ. त्यांनी परत मोजलं. परत तेच. खाली जुना सीटी उघडून पुन्हा बघितला गेला, आणि डॉक्टर किरण एवढंच म्हणाले की काप तिरपा नव्हता. म्हणजे त्यांचा पहिला, साडेपाचच्या वरचा आकडाच खरा होता.

मामांचं ऑपरेशन झालं. मांडीतून नळी घालून आतून जाळीचं अस्तर बसवलं. बरे झाले. आजही आहेत—फक्त भांडी जावई उचलतो, हे खुर्चीवर बसून ओरडतात. दर उगादीला, आपल्या पाडव्याला, माझ्याकडे होळिगेचा म्हणजे पुरणपोळ्यांचा डबा येतो. "तुझ्यामुळे खातोय, आता तू खा," म्हणतात. मी एक घास घेते आणि बाकीच्या शेजारी वाटून टाकते. तूप कितीही असलं तरी.

तुम्हाला वाटेल, चला, माणूस वाचला, संपलं. मलाही तसंच वाटावं असं वाटत होतं. पण खरी चूक आता सुरू होते. आतापर्यंतची भीतीपोटी झाली असं कुणी म्हणेलही. ही मी शांत डोक्याने, रोज, वर्षानुवर्षं केली.

सगळ्यांना बोलावून अक्का उभ्या राहिल्या. मॅनेजर, सर्जनसर, डॉक्टर किरण, सगळे. म्हणाल्या, पहिलं माप माझं चुकलं. गोल नीट दिसत नव्हता तर मी आकडा द्यायलाच नको होता. सीटीसुद्धा माझ्याच आकड्याजवळ आला हा योगायोग, नाहीतर तेव्हाच धरलं गेलं असतं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आणि हिने पेशंटकडे लक्ष ठेवलं म्हणून तो जिवंत आहे."

टाळ्या वाजवल्या हो त्यांनी. माझ्यासाठी.

डॉक्टर किरण माझ्याकडे बघत नव्हते. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. योगायोग नव्हता, अक्का—एवढं एक वाक्य होतं. इडल्या खाऊन आला होता तो, आणि मला माहीत होतं—हे दुसरं. दोन वाक्यं. माझं तोंड उघडं होतं, मला आठवतं. त्यातून काय आलं? "थँक्यू, मॅडम." आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मी मॅडम म्हणाले.

त्यानंतर अक्कांनी एओर्टाचे पेशंट स्वतः बघणं सोडलं. मग हळूहळू बाकीचेही. मॅनेजरला काही बोलावं लागलं नाही. एक दिवस त्यांनी कपाटातला स्वतःचा कप घेतला आणि बनशंकरीला घरी राहायला लागल्या. जाताना माझी नोकरी मात्र पक्की करून गेल्या. मॅनेजरकडून वदवून घेतलं की सुमनला काढायचं नाही. ज्या भीतीने मी ते केलं, ती भीती त्यांनी अशी मिटवून टाकली. मी फक्त गप्प राहायचं होतं. ते मला छान जमलं.

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी मी कुठेतरी लपू शकले असते. पण त्या थांबणाऱ्या नाहीत. म्हणाल्या, रविवारी येत जा, तुझी दहावी करून घेऊ. मी गेले. त्यांच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर मी गणित शिकले, बीजगणितातली अक्षरं बघून रडले, इंग्रजीच्या परीक्षेला जाताना बसमध्ये रस्ताभर स्पेलिंगं पुटपुटत बसले. बाहेरून बसून पास झाले. निकाल मोबाइलवर बघितला तेव्हा अक्कांनी साखर नाही म्हणून गूळ भरवला. त्या वेळी सांगायचं होतं. तोंडात गूळ होता—हे कारण आहे का? नाही. नुसतं तसं झालं होतं.

आता या थंडीतलं. अवरेकाळूचा, म्हणजे पावट्याच्या दाण्यांचा, हंगाम आहे. भिजवलेले दाणे चिमटीत धरून साल काढायचं, दाणा टुपकन बाहेर येतो. आम्ही दोघी परातीच्या दोन बाजूंना बसलो होतो. कुणाचा तरी फोन आला. शहराबाहेरच्या खेड्यांत तपासणीचं शिबिर आहे, छोटं मशीन आहे, अक्का याल का. पेटीएवढं मशीन, जीपमधून जाणारं—आठवतं ना तुम्हाला? अक्कांनी हातातला दाणा परातीत टाकला. मग म्हणाल्या, "नको. माझ्या हातावर माझाच भरवसा राहिला नाही."

फोन ठेवून परत दाणे सोलायला लागल्या. आणि मी त्यांच्या हाताकडे बघत बसले. परातीकडे त्या बघतही नव्हत्या. बोटं आपोआप दाणा शोधत होती, कड शोधत होती, बरोबर तेवढाच दाब, आणि दाणा अख्खा बाहेर. एकही फुटत नव्हता. माझे अर्धे फुटत होते. तो हात कधीच चुकला नव्हता. त्या दिवशी पोटात ढग होते, आणि ढग कशाचे ते ठाऊक असलेली बाई शेजारी जेलची बाटली धरून उभी होती.

तुम्हाला सांगून झालं. माफ करा असं मी तुम्हाला म्हणत नाही, तो तुमचा प्रश्नच नाही. मी घाबरट होते, लहान होते, शिकलेली नव्हते—यातलं शेवटचं तर आता उरलंही नाही. लहान तर मी तेव्हाही नव्हते.

येत्या रविवारी मी बनशंकरीला जाणार आहे. दाणे सोलायच्या आधी, चपला काढल्या काढल्या सांगणार. इडल्या, लिफ्ट, काचेच्या अलीकडची मी, आणि त्याआधीचे ते आकडे—सर्जनसरांनाही सांगणार, ते त्यांच्या अभ्यासातून काढून टाकायचे तर काढू देत. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे. अक्का बोलतील, न बोलतील. दार लावून घेतील तर तेही त्यांचंच दार आहे.

पण अक्का, तुमच्या हातावरचा तुमचा भरवसा माझ्याकडे राहिलाय, तो मी परत करीन. आज ना उद्या ते शिबिर पुन्हा लागेल, कुठल्यातरी गावातल्या शाळेत, बाकं जोडून, जेलची बाटली कोमट पाण्यात ठेवून. तुम्ही प्रोब हातात घ्या. पहिली पेशंट मी असेन. आदल्या रात्रीपासून काही न खाता.